नळाचं माहेर

पावसाळ्यात मुंबईकर दोन स्कोअर न चुकता बघतात. एक क्रिकेटचा आणि दुसरा तलावांचा. मोडक सागर ओव्हरफ्लो, तानसा फुल्ल, भातसा अजून ऐंशी टक्के... ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखादा उत्साही कलीग रोज ही टक्केवारी टाकतो, आपण त्याला अंगठा दाखवतो. मग सप्टेंबरच्या शेवटी 'मुंबईकरांची वर्षभराची चिंता मिटली' अशी हेडलाइन येते आणि आपण विषय क्लोज करतो. पुढच्या जूनपर्यंत शॉवर, गीझर आणि वॉशिंग मशीन यांना पाणी कुठून येतं, याचा विचार करायची गरज उरत नाही.

पण त्या हेडलाइननंतर त्या तलावांच्या आसपास काय चालतं? तिथे कोण राहतं, काय खातं, नोव्हेंबरची थंडी तिथे कशी पडते? ते बघायचं असेल तर या वीकएंडला लोणावळा-माथेरानचा टिपिकल प्लॅन बाजूला ठेवा आणि शेणव्याला चला.

शेणवा कुठे आहे हे माहीत नसेल तर लाजू नका, बहुतेकांना नसतं. ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात. कसारा लाइनची लोकल पकडायची आणि आसनगावला उतरायचं. सीएसएमटीपासून ८६ किलोमीटर, म्हणजे लोकलच्या हिशोबाने दोन तासांहून थोडं जास्तच. कल्याणपर्यंत गर्दी तुम्हाला चेपते, टिटवाळ्यानंतर खिडकी मिळते आणि वासिंद गेलं की डावीकडे माहुलीचे सुळके दिसायला लागतात. आसनगावहून रिक्षाने शहापूर, आणि शहापूरहून एसटी किंवा जीप. वाटेत सापगावला भातसा नदीवरचा पूल लागतो. इथे जरा मान वळवून खाली बघा. तुमच्या किचनमधल्या नळाकडे निघालेलं पाणी याच पात्रातून पुढे सरकत असतं. त्याबद्दल नंतर बोलू.

शेणवा हा खरं तर एक नाका आहे. एक रस्ता डोळखांबला जातो, आजोबा डोंगराच्या दिशेने, सह्याद्रीच्या कुशीत. दुसरा किन्हवलीवरून सरळगावकडे, म्हणजे मुरबाडचा, माळशेजचा रस्ता. आजूबाजूच्या गावा-पाड्यांसाठी हा नाका म्हणजे मेडिकल, मोबाइल रिचार्ज, खतं-बियाणं आणि चहा. ट्रेकर मंडळींना तो ओळखीचा असतो, पण फक्त चहापुरता. पहाटे पाच मिनिटं थांबायचं, वडापाव हाणायचा आणि पुढे आजोबा गाठायचा. आपण मात्र इथेच रेंगाळायचं आहे.

दहिवर आणि खळं

नोव्हेंबरात इथे सकाळ उशिरा होते. सात वाजले तरी शेतांवर धुक्याची पातळ चादर असते आणि गवतावर दहिवर. 'दव' हा शब्द कवितेतला, गावात म्हणतात दहिवर. तुमचे महागडे स्नीकर्स दहा पावलांत ओले होतात आणि पुढच्या दहा पावलांत जीन्सच्या पायाला कुसळं चिकटतात. ती काढत बसणं हा इथला ऑफिशियल टाइमपास समजा. पावसाळ्यातला हिरवा वॉलपेपर आता उतरलेला असतो. डोंगरउतारावरचं गवत सोनेरी, बांधावर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे, साग अजून हिरवा पण थकलेला. फोटोसाठी विचाराल तर जुलैपेक्षा ही वेळ भारी. प्रकाश मऊ असतो, डोंगर स्वच्छ दिसतात आणि लेन्सवर पाणी उडत नाही.

हा सगळा पट्टा भाताचा. कापलेलं भात आधी दोन-तीन दिवस शेतातच आडवं पडून वाळतं. मग त्याचे भारे बांधायचे आणि डोक्यावरून खळ्यावर आणायचे. खळं म्हणजे शेतातली साफ केलेली, ठोकून सपाट केलेली आणि शेणाने सारवलेली जागा. तिथे झोडणी चालते. हातात भाताची पेंढी धरून फळीवर आपटायची, की दाणे खाली, पेंढा हातात. लय असते त्याला. दुरून ऐकलं तर कुणी तरी सावकाश टाळ्या वाजवतंय असं वाटतं. आता भाड्याचं मळणी यंत्रही येतं आणि दिवसाचं काम तासाभरात उरकतं. पण ज्याच्याकडे तुकडाभर जमीन आहे तो अजून फळीवरच झोडतो. मग वाऱ्याची वाट बघत सुपाने वारवणी. पेंढ्याची उडवी रचली जाते, गवताच्या गंजी उभ्या राहतात आणि काही गवत टेम्पोत भरून शहराकडच्या तबेल्यांच्या दिशेने जातं. तुमच्या सकाळच्या कॉफीतलं दूधही या गणितात कुठे तरी आहे.

या दिवसांत शेतकरी एकाच गोष्टीला घाबरतो, ती म्हणजे आकाशाचा मूड. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ घोंगावलं आणि कोकणभर कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलं. दाण्यांना कोंब फुटले. आपल्याकडे त्या आठवड्यात 'अरे, नोव्हेंबर आला तरी पाऊस काय!' एवढीच चर्चा होती. इथे वर्षाची कमाई पाण्यात होती. त्यामुळे खळ्यावर कुणाशी गप्पा मारायला गेलात तर पहिलं वाक्य हवामानाचंच ऐकू येईल, आणि ते उगाच बोलायचं म्हणून बोललेलं नसेल.

भात घरात आलं की मूड बदलतो. नव्या तांदळाची भाकरी चिकट, गोडसर आणि पांढरीशुभ्र होते. बाजूला सुकटीची चटणी किंवा जवळा. शेजारच्या वाडा तालुक्याच्या कोलमला २०२१ मध्ये जीआय टॅग मिळाला, त्यामुळे आता मॉलमध्ये त्याची वेगळी ऐट असते. शेणव्याच्या बाजूच्या साध्या तांदळाला असा काही टॅग नाही, पण त्याची पेज थंडीत एकदा प्या. नंतर ओट्सकडे बघवणार नाही!

रस्त्याच्या कडेला मावश्या टोपल्या घेऊन बसतात. त्यात आवळे, चिंचेचे आकडे, गावठी काकड्या, चवळीच्या शेंगा आणि करांदे असतात. करांदे म्हणजे वेलीवर लागणारे, बटाट्यासारखे दिसणारे कंद. याच दिवसांत मिळतात. तुळशीच्या लग्नाला आवळा-चिंच लागते म्हणून शहरातले लोकही गाडी थांबवून घेतात. करांद्यांकडे मात्र 'हे काय असतं?' असं बघून पुढे जातात. चूक करतात.

आणि भात निघालेल्या त्याच शेतात लगेच वाल पेरतात. कुठलीही मोटर नाही, पाट नाही. जमिनीत उरलेला ओलावा आणि रात्रीचं दहिवर एवढ्यावर हा वाल वाढतो आणि शेंगा देतो. आपण 'सस्टेनेबल' वगैरे शब्द वापरून प्रेझेंटेशन करतो, इथे त्याचं बिरडं करतात.

सव्वासात लाखांचा तलाव

आता तलावाकडे. शहापूरच्या पुढे नाशिक महामार्ग सोडून भातसानगरच्या दिशेने गेलात की भातसा धरण. इथे मोठाले 'आय लव्ह' बोर्ड नाहीत, बोटिंग नाही, मॅगी पॉइंट नाही. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि ते बरंच आहे. पण जलाशयाचं पाणी डोंगरांच्या खोबणीत दूरवर पसरलेलं आहे आणि नोव्हेंबरात ते काठोकाठ असतं. सकाळच्या उन्हात पाण्यावरून वाफ उठते. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले दिसतात, हळदीकुंकू बदकं जोडीने पोहतात. काठावरच्या चिखलात शेपटी वरखाली करत पळणारा चिमुकला पाहुणा म्हणजे धोबी. तो हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून आलेला असतो, उन्हाळा लागला की परत जाणार. पाण्यात उतरायचा मोह आवरा. वरून शांत दिसणारा हा तलाव काठापासून दोन पावलांवर किती खोल असेल, याचा अंदाज येत नाही.

आकडे आवडत असतील तर हे घ्या. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर आहे. त्यातला एकट्या भातसाचा वाटा ७.१७ लाख, म्हणजे जवळजवळ निम्मा. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं. सापगावच्या पुलावरून बघितलंत ते हेच. पिशाला ते पंपाने उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते तुमच्या टॉवरच्या टाकीकडे निघतं. बाजूच्या तानसाची गंमत आणखी वेगळी. १८९२ मध्ये बांधून झालेल्या त्या धरणाचं पाणी केवळ उताराच्या जोरावर मुंबईकडे धावतं. सव्वाशेहून जास्त वर्षं गुरुत्वाकर्षण बिनपगारी ड्युटी करतंय.

तानसाचा उल्लेख आलाच आहे तर एक पक्ष्यांची गोष्ट सांगायलाच हवी. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८८४ नंतर ते कुणालाच दिसलं नव्हतं आणि जगाने ते नामशेष मानलं होतं. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, तब्बल ११३ वर्षांनी. आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते चक्क तानसाच्या जंगलात दिसलं! मुंबईपासून लोकलच्या अंतरावर. जगात फक्त मध्य भारतात राहणारा हा पक्षी तिथे टिकला, याचं एक कारण तलावाचं पाणलोट क्षेत्र म्हणून ते जंगल राखलं गेलं. म्हणजे शहराच्या तहानेने एका घुबडाला घर दिलं. माणसांच्या बाबतीत हिशोब इतका सोपा नाही.

काठावरचे तहानलेले

हा लेख तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाचून गेलात तर विहिरी भरलेल्या दिसतील, ओढ्यांना पाणी असेल. म्हणूनच 'काय मस्त लाइफ आहे यार' असं म्हणून परत याल. फेब्रुवारी-मार्चमध्ये परत या. त्याच विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरणारी बाई दिसेल आणि दुपारी टँकर आला की अख्खा पाडा धावताना दिसेल. शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मुंबईचं निम्मं पाणी ज्या तालुक्यात साठतं, त्याच तालुक्यात.

असं का? पाऊस तर इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, मराठवाड्याच्या तिप्पट. पण खाली आहे काळा कातळ, बेसॉल्ट. तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवत नाही. चार महिन्यांचा पाऊस उतारावरून धो-धो वाहतो, नदीत जातो, नदीतून धरणात. विहिरींना मिळतो तो वरच्या थरातला ओलावा, आणि तो माघ-फाल्गुनात संपतो. धरण दरीत, पाडे टेकडीवर. मुंबईला पाणी उताराने जातं, पण काठावरच्या पाड्याला तेच पाणी चढावर न्यायचं तर पंप, वीज, पाइप आणि मंजुरी अशा चार गोष्टी लागतात. त्यातली एखादी नेहमी कमी पडते.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं आणि पाड्यांवर नळ दिसायला लागले. पण नळामागच्या विहिरीलाच पाणी नसेल तर नळ हे फक्त एक शोपीस. दुसरी कल्पना खूप चांगली आहे. इगतपुरी तालुक्यातलं भावली धरण घाटाच्या वर आहे, तिथून उतारानेच शहापूरच्या गावांना पाणी आणायचं. म्हणजे जो फंडा मुंबईसाठी १८९२ मध्ये वापरला, तोच शहापूरसाठी सव्वाशे वर्षांनी! योजना मंजूर झाली. पण इथल्या माणसांनी 'मंजूर' हा शब्द इतक्या वेळा ऐकलाय की पाइपातून पाणी आल्याशिवाय ते विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. पलीकडे मुरबाड तालुक्यात काळू नदीवर मुंबई परिसरासाठी आणखी एक धरण व्हायचं होतं. वनखात्याच्या परवानगीशिवाय काम सुरू झालं म्हणून २०१२ मध्ये हायकोर्टाने ते थांबवलं. धरण म्हटलं की इथे लोक आनंदाने टाळ्या का वाजवत नाहीत, ते भातसाच्या धरणग्रस्तांना विचारा. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न धरणानंतर कैक वर्षं रेंगाळले.

उचल

शेणव्याच्या नोव्हेंबरची खरी गोष्ट मला वाटतं ही आहे. वर्षातला हा एकच महिना असा असतो की सगळं जागेवर असतं. विहिरीत पाणी, कणगीत भात आणि घरात माणसं. त्यानंतर एकेक गोष्ट उतारावरून शहराकडे निघते.

भात आणि पेंढा टेम्पोतून जातात. आदिवासी विकास महामंडळाची हमीभावाची खरेदी केंद्रं आहेत, पण ती सुरू व्हायला उशीर झाला तर हातघाईवर आलेला शेतकरी व्यापाऱ्याला विकून मोकळा होतो. पाणी तर रोजच जातं. आणि माणसं जातात ती वीटभट्टीवर.

कातकरी समाजाची कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर घराला कडी लावून भिवंडी, कल्याण, पनवेलच्या बाजूला भट्ट्यांवर जातात. सरकारी यादीत ही 'विशेष असुरक्षित' म्हणून नोंदवलेली जमात, महाराष्ट्रातल्या अशा तिघांपैकी एक. स्वतःची जमीन बहुतेकांना नाही किंवा नावापुरती. पावसाळ्यात, सणाच्या वेळी किंवा आजारपणात मालकाकडून 'उचल' घेतलेली असते. ती विटा पाडून फेडायची. चिखल मळायचा, साचे भरायचे, वाळवायच्या, रचायच्या. मजुरी हजार विटांमागे आणि कामाला नवरा-बायको दोघंही. सीझन संपताना हिशोब होतो, आणि अनेकदा असं निघतं की उचल अजून फिटलेलीच नाही. म्हणजे पुढच्या वर्षी परत तिथेच. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली. तरी ठाणे-पालघर पट्ट्यात श्रमजीवीसारख्या संघटनांना अजूनही मजुरांची सुटका करून आणावी लागते.

आई-बाप गेले की मुलंही जातात. त्यामुळे शाळेच्या हजेरीपटावर दिवाळीच्या सुट्टीआधीची संख्या आणि नंतरची संख्या वेगळी दिसते. काही मुलं आश्रमशाळेत राहतात, काही आजीकडे. काही भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळतात. आपल्या सोसायटीच्या नव्या विंगची वीट कुणी पाडली असेल, याचा विचार होम लोनच्या ईएमआयमध्ये येत नाही. यायला हवा होता का? तुम्ही ठरवा.

पंचाहत्तर मिनिटांचा धोका

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. शहापूरजवळ खुटघरला त्याचा इंटरचेंज आहे. ट्रॅफिकने साथ दिली तर ठाण्याहून तास-सव्वा तासात तुम्ही इथे. साहजिकच रस्त्याकडेला बोर्ड उगवले आहेत. 'लेक टच प्लॉट्स', 'सेकंड होम', 'नेचरच्या कुशीत'. मला स्विमिंग पूलवाल्या फार्महाऊसबद्दल वैर नाही. पण ज्या टेकडीवरच्या पाड्याला मार्चमध्ये टँकर लागतो, त्याच टेकडीच्या पायथ्याशी दोनशे फूट बोअर मारून पूल भरला की त्या पाड्याच्या विहिरीचं काय होणार, हे समजायला जिऑलॉजीची डिग्री लागत नाही. प्लॉट बघायला गेलात तर एजंटला एवढं जरूर विचारा: 'पाणी कुठून?'

जगात यावर उपाय शोधलेली उदाहरणं आहेत. न्यूयॉर्कचं पाणी शंभरेक मैलांवरच्या कॅट्सकिल डोंगरातून येतं. तिथेही तलावासाठी गावं बुडाली, तिथेही वरचे लोक शहरावर चिडून होते. १९९७ मध्ये शहराने आणि त्या गावांनी लेखी करार केला. गावांनी पाणलोट क्षेत्र स्वच्छ ठेवायचं आणि शहराने त्यासाठी, शिवाय तिथल्या सांडपाण्याच्या सोयींसाठी आणि रोजगारासाठी पैसे द्यायचे. न्यूयॉर्कने हे प्रेमापोटी केलं नाही. हजारो कोटींचा फिल्टर प्लांट बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडलं. आपल्या पाणीपट्टीच्या बिलात शहापूरसाठी एखादी ओळ असती तर? दोन पिझ्झांच्या टॉपिंगएवढी.

असो. जाणार असाल तर थोडं प्रॅक्टिकल. कार्तिक पौर्णिमेच्या आसपासचे दिवस बेस्ट, रात्री आकाश इतकं स्वच्छ असतं की चंद्राशेजारचा कृत्तिकांचा पुंजका साध्या डोळ्यांनी सापडतो. ज्या नक्षत्रावरून या महिन्याचं नाव पडलं, तेच. स्वेटर न्या, पहाटे लागतो. परतीच्या लोकलचं टाइमटेबल आधी बघून ठेवा, कारण कसारा लाइनला एक गाडी चुकली की पुढची लगेच येत नाही. खळ्यावर फोटो काढायचे असतील तर आधी 'दादा, काढू का?' म्हणून विचारा, आणि खळ्यात पाय ठेवताना चपला बाहेर काढा. तिथे धान्य पडलेलं असतं.

आणि येताना करांदे घ्या. मावशी वाट्यावर देतात. घरी आणून सोलू नका, सालीसकट धुऊन मीठ घालून कुकरला उकडा, मग साल काढा. पहिला घास किंचित कडू लागेल. दुसऱ्या घासाला तो कडवटपणा आवडायला लागतो, आणि वाटा पुरत नाही.